राजीनामा एकाचा, भुर्दंड सर्वांचा

फैजपूर, सावदा, रावेर या पट्ट्यांत केळीच्या बागेचा सौदा करणारास इसार म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. बाग पाहिली, भाव ठरला, इसार हातावर पडला, कीं घेणारा आणि देणारा दोघेहि शब्दानें बांधले गेले. पुढें घेणारानें पाठ फिरविली तर त्याचा इसार बुडाला; देणारानें शब्द मोडला तर घेतलेला इसार परत करून वर चारचौघांत त्याची शोभा झाली ती वेगळीच. सौदा ज्यानें मोडला, तूट त्यानें सोसावी, हा न्याय येथील पोरासोरांसहि कळतो. त्यासाठीं कोणी वकील पाहत नाहीं. पण याच गांवचीं शहाणीं माणसें दर पांच वर्षांनीं याहून फार मोठा एक सौदा करतात. तो मध्येंच मोडला गेला म्हणजे मोडणारा हंसतमुखानें दुसऱ्या दुकानीं जाऊन बसतो, तूट मात्र हीं माणसें पदरमोड करून भरतात, आणि त्याबद्दल कोणी ब्र काढीत नाहीं. हा सौदा म्हणजे निवडणूक, आणि तो मोडणें म्हणजे आमदार-खासदारांनीं मुदतीच्या आंत दिलेला राजीनामा. अशा रीतीनें रिकाम्या झालेल्या जागेसाठीं जी पोटनिवडणूक घ्यावी लागते तिचा खर्च कोणीं द्यावा, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

इसाराची गोष्ट आम्हीं केवळ रूपक म्हणून काढली नाहीं. निवडणुकीच्या कायद्यांतहि एक इसार आहे. त्यास अनामत म्हणतात. विधानसभेस उभा राहणारा दहा हजार रुपये आणि लोकसभेस उभा राहणारा पंचवीस हजार रुपये अनामत ठेवतो. अनुसूचित जातिजमातींच्या उमेदवारांस याच्या निम्मी ठेवावी लागते. पडलेल्या मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मतें न मिळाल्यास ती सरकारजमा होते. म्हणजे ज्या बापड्यास लोकांनीं नाकारलें आणि ज्याच्यामुळें सरकारास पुन्हा एका पैचाहि खर्च पडणार नाहीं, त्याची अनामत जप्त. आणि जो निवडून आला, पांच वर्षें तुमचें काम करीन असें म्हणाला आणि दीड वर्षांत चालता झाला, त्याची अनामत त्यापूर्वींच सन्मानानें त्याच्या खिशांत परत गेलेली! इसाराचा असा उफराटा उपयोग आमच्या बाजारांतील नवशिका दलालहि करणार नाहीं.

आरंभींच एक घोटाळा दूर केला पाहिजे. मंत्रिपदाचा राजीनामा निराळा आणि सभासदत्वाचा राजीनामा निराळा. डॉ. आंबेडकरांनीं सप्टेंबर १९५१ मध्यें हिंदु कोड बिलाची परवड पाहून कायदेमंत्रिपद सोडलें. आमच्याच जिल्ह्यांतील मुक्ताईनगरचे श्री. एकनाथराव खडसे यांनीं जून २०१६ मध्यें महसूलमंत्रिपद सोडलें, परंतु २०१९ पर्यंत ते आमदार राहिले. दोन्ही प्रसंगांचीं कारणें एकमेकांपासून कोसों दूर आहेत. पण दोहोंत एक गोष्ट सारखी कीं, मतदारास त्यासाठीं पुन्हा रांगेंत उभें राहावें लागलें नाहीं. मंत्र्याची खुर्ची दुसऱ्या मंत्र्यानें भरते आणि त्यास फारसा खर्च येत नाहीं. सभासदाची खुर्ची मतदारांवांचून भरत नाहीं. (इंग्लंडांत १९२६ पर्यंत सभासदानें मंत्रिपद स्वीकारलें तर त्यास बहुधा पुन्हा निवडून यावें लागे! आणि सभासदत्व सरळ सोडण्याची मुभा तेथें १६२४ पासून आजतागायत नाहीं. राजाच्या एका नाममात्र नोकरीवर नेमणूक करून घेऊन सुटका करून घ्यावी लागते. त्या लोकांस जागा सोडणें ही गोष्ट इतकी साधी वाटली नव्हती.)

या विषयावर बोलण्याचा फैजपुरास एक विशेष अधिकार आहे. ता. २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजीं राष्ट्रसभेचें अधिवेशन येथें भरलें. खेडेगांवांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू, आणि नंदलाल बोस यांच्या कल्पकतेनें सजविलेलें टिळकनगर. अधिवेशन येथें आणण्यांत आणि तें पार पाडण्यांत ज्यांनीं जिवाचें रान केलें ते धनाजी नाना चौधरी हे स्वतः पोलीसखात्यांतील नोकरी लाथाडून चळवळींत आलेले. म्हणजे ज्या भूमीवर तो मंडप उभा राहिला तेथें राजीनामा या शब्दाचा अर्थ लोकांस एका माणसाच्या संसाराच्या रूपानें ठाऊक होता. हातांतील पगार गेला आणि तुरुंगाचें दार उघडलें, असा तो अर्थ.

त्या मंडपांत चर्चिलेल्या प्रश्नांपैकीं एक नेमका आजच्या विषयाशीं नातें सांगणारा आहे. १९३५ च्या कायद्याप्रमाणें निवडणुका तोंडावर आल्या होत्या. त्या लढवाव्या हें ठरलें. पण निवडून आल्यावर मंत्रिपदें घ्यावीं कीं नाहीं याचा निर्णय फैजपूरनें निवडणुकीनंतरवर ढकलला. पुढें जुलै १९३७ मध्यें मंत्रिमंडळें बनलीं. मुंबई इलाख्यांत बाळासाहेब खेर मुख्य झाले. सव्वादोन वर्षें झालीं न झालीं तोंच, हिंदुस्थानास न विचारतां त्यास महायुद्धांत ओढलें म्हणून, नोव्हेंबर १९३९ मध्यें खेर मंत्रिमंडळानें राजीनामा दिला. तोहि मुदत पुरी होण्यापूर्वींचाच.

आतां प्रामाणिकपणें हिशेब मांडूं. त्या राजीनाम्याची किंमत लोकांस पडली नाहीं काय? पडली, आणि ती लहान नव्हती. ९३ व्या कलमाचा आधार घेऊन गव्हर्नरानें सर्व कारभार आपल्या हातीं घेतला; लोकनियुक्त मंत्रिमंडळ मुंबईस पुन्हा आलें तें १९४६ सालीं. मधलीं सहा-साडेसहा वर्षें, महायुद्धाचीं आणि महागाईचीं, रयतेस स्वतःचा मंत्री नव्हता. तरीहि त्या राजीनाम्यास भुर्दंड म्हटलेलें आमच्या कानावर नाहीं. याचें कारण उघड आहे. खुर्ची सोडणारे एका खुर्चीवरून उठून दुसऱ्या खुर्चीवर बसले नाहींत. खेरांसारख्यांनीं पुढें तुरुंग पाहिला. लोकांबरोबर त्यांनींहि तूट सोसली, आणि आपल्या वाट्याहून अधिक सोसली. राजीनामा तत्त्वाचा आहे कीं स्वार्थाचा, हें राजीनाम्याच्या पत्रांतील भाषेवरून कधींच ओळखतां येत नाहीं; पत्र लिहिणारा दुसऱ्या दिवशीं कोठें दिसतो त्यावरून तें ओळखावें लागतें. आमचा पुढील सर्व युक्तिवाद याच एका खुणेवर उभा आहे.

आजचा कायदा काय म्हणतो तें थोडक्यांत सांगतों. राज्यघटनेच्या १०१ व्या कलमानें खासदारास आणि १९० व्या कलमानें आमदारास आपल्या सहीचें पत्र अध्यक्षास देऊन जागा सोडतां येते. गुजराथेंतील नवनिर्माण आंदोलनाच्या काळांत आमदारांकडून धाकदपटशानें राजीनामे घेतल्याची ओरड झाली, तेव्हां १९७४ सालीं घटना दुरुस्त होऊन, राजीनामा स्वखुषीचा आणि खरा आहे कीं नाहीं एवढें अध्यक्षानें पाहावें असें ठरलें. याच्या पलीकडे कायदा कांहीं विचारीत नाहीं. जागा रिकामी झाली म्हणजे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १५१-अ या कलमाप्रमाणें सहा महिन्यांच्या आंत पोटनिवडणूक घ्यावी लागते. सभासदाची उरलेली मुदत वर्षाहून कमी असेल, किंवा मुदतींत निवडणूक घेणें अशक्य असल्याचा दाखला मिळेल, तरच सूट. खर्च लोकसभेच्या जागेचा असेल तर केंद्र सरकार देतें, विधानसभेच्या जागेचा असेल तर राज्य सरकार देतें. सरकार देतें म्हणजे कोण देतें हें व्यापाऱ्यांस सांगावयास नको.

रक्कम किती? २०१४ च्या लोकसभा निवडणुकीवर सरकारी खर्च सुमारे ३,८७० कोटी रुपये झाला. जागा ५४३, म्हणजे दर जागेस सात कोटींहून अधिक. मतदार सुमारें ८३ कोटी ४० लाख. म्हणजे दर मतदारामागें सुमारें ४६ रुपये. त्यानंतर भाव किती चढले हें ज्यानें त्यानें आपल्या दुकानाच्या वहीवरून ताडून पाहावें. कोणी म्हणेल, ४६ रुपयांसाठीं एवढा अग्रलेख कशाला? एवढ्यांत तर चार माणसांचा चहा होतो. ठीक आहे, पण ज्याच्या दुकानांतून रोज चार माणसें न विचारतां चहा पिऊन जातात, त्यानें तो चहा कोणत्या खात्यावर मांडावा तें आम्हांस सांगावें. शिवाय हा नुसता सरकारी खर्च झाला. त्यापलीकडे विधानसभेच्या प्रत्येक उमेदवारास मोठ्या राज्यांत चाळीस लाखांपर्यंत आणि लोकसभेच्या उमेदवारास पंचाण्णव लाखांपर्यंत खर्च करण्याची मुभा आहे. आणि हा पैसा कोठून येतो व मागाहून कोठून वसूल होतो, हें वर्गणी देणाऱ्या पेठेस आमच्यापेक्षां चांगलें ठाऊक आहे.

पैशाखेरीजचा भुर्दंड तर कोणी मोजीतच नाहीं. पोटनिवडणूक जाहीर झाली कीं आचारसंहिता लागते, आणि महानगरें वगळलीं तर ती सामान्यतः सबंध जिल्ह्यास लागते. म्हणजे एका तालुक्यांतील एका माणसानें पक्ष बदलला कीं जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या रस्त्याच्या कामास नव्यानें मंजुरी मिळणें थांबतें. शाळामास्तर मतदानाच्या कामास जातात. रस्त्यारस्त्यावर तपासणीचीं पथकें उभीं राहतात, आणि पन्नास हजारांहून अधिक रोकड बरोबर असेल तर ती कोठली, कोणाची, कशासाठीं, याचे कागद दाखवावे लागतात. केळीच्या कापणीच्या दिवसांत मजुरांचा चुकारा आणि शेतकऱ्याची रक्कम घेऊन फिरणाऱ्या व्यापाऱ्यास ही तपासणी किती सोयीची वाटते हें त्यालाच विचारावें. सार्वत्रिक निवडणुकींत आपण हें सर्व आनंदानें सोसतों, कारण तें स्वराज्याचें कामच आहे. पण एका माणसाच्या सोयीसाठीं तें पुन्हा सोसावयाचें काय?

आतां उदाहरणें पाहूं. आणि घरापासूनच आरंभ करूं. धुळें-नंदुरबारच्या स्थानिक स्वराज्य संस्थांकडून विधान परिषदेवर निवडून गेलेले शिरपूरचे श्री. अमरीशभाई पटेल यांनीं २०१९ च्या विधानसभा निवडणुकीच्या सुमारास काँग्रेस सोडून भारतीय जनता पक्षांत प्रवेश केला आणि परिषदेची जागा सोडली. पोटनिवडणूक मार्च २०२० च्या अखेरीस व्हावयाची ती महामारीमुळें लांबली आणि ता. १ डिसेंबर २०२० रोजीं झाली. निवडून कोण आलें? श्री. अमरीशभाई पटेल, त्यांस ३३२ मतें आणि काँग्रेसच्या उमेदवारास ९८. म्हणजे वर्षाहून अधिक काळ जागा रिकामी राहून शेवटीं तोच मनुष्य त्याच जागीं, फक्त निराळ्या निशाणाखालीं, येऊन बसला. येथें मतदार म्हणजे निवडलेले स्थानिक सभासद, त्यामुळें खर्च थोडा. पण मामल्याचें स्वरूप यांत जितकें स्वच्छ दिसतें तितकें इतरत्र क्वचितच दिसेल.

रावेराच्या पुढें दोन पावलांवर बऱ्हाणपूर जिल्हा लागतो. राज्य निराळें, पण बाजार एक आणि सोयरिकीहि एक. त्या जिल्ह्यांतील नेपानगर, जेथील गिरणीच्या कागदावर देशांतील वर्तमानपत्रें वर्षानुवर्षें छापलीं गेलीं, तेथील आमदार श्रीमती सुमित्रादेवी कास्डेकर २०१८ सालीं काँग्रेसतर्फे निवडून आल्या होत्या. जुलै २०२० मध्यें त्यांनीं राजीनामा दिला आणि नोव्हेंबरांत त्याच जागेवर भाजपतर्फे निवडून आल्या. त्या एकट्या नव्हत्या. त्या वर्षीं मार्चमध्यें मध्यप्रदेशांत काँग्रेसच्या बावीस आमदारांनीं राजीनामे दिले, कमलनाथांचें सरकार पडलें, पुढें आणखी तिघांची भर पडली, आणि ता. ३ नोव्हेंबर २०२० रोजीं अठ्ठावीस जागांच्या पोटनिवडणुका एका दमांत झाल्या. त्यांपैकीं तीनच जागा मृत्यूमुळें रिकाम्या झालेल्या, पंचवीस राजीनाम्यांमुळें. आणि वर्ष कोणतें? तर ज्या वर्षीं माणसास माणसाजवळ जाण्याची भीति वाटत होती तें. एकोणीस जागा भाजपला, नऊ काँग्रेसला मिळाल्या; हा जय-पराजय ज्यांचा त्यांस लखलाभ होवो. आमचा प्रश्न एवढाच कीं, पंचवीस मतदारसंघांचीं बिलें कोणत्या पक्षाच्या कार्यालयांत गेलीं? कोणत्याच नाहीं. तीं मध्यप्रदेशच्या तिजोरींत गेलीं.

भंडारा-गोंदियाचें उदाहरण याहून निराळें आहे आणि म्हणून तें मुद्दाम सांगतों. तेथील भाजपचे खासदार श्री. नाना पटोले यांनीं शेतकऱ्यांच्या प्रश्नावर आपल्याच सरकारावर नाराज होऊन डिसेंबर २०१७ मध्यें जागा सोडली. ता. २८ मे २०१८ रोजीं पोटनिवडणूक झाली, यंत्रांतील बिघाडामुळें ४९ केंद्रांवर ३० मे रोजीं पुन्हा मतदान घ्यावें लागलें, राष्ट्रवादीचे श्री. मधुकर कुकडे निवडून आले, आणि त्यांस पुरतें वर्षभर काम करावयास मिळालें असेल नसेल तोंच सार्वत्रिक निवडणूक आली. त्याच दिवशीं पालघरलाहि पोटनिवडणूक झाली. तेथील खासदार श्री. चिंतामण वनगा मृत्यु पावले होते. एकच दिवस, दोन जागा. एक काळानें रिकामी केलेली, दुसरी माणसानें. काळास बिल पाठवितां येत नाहीं. माणसास पाठवावें काय? श्री. पटोले पोटनिवडणुकीस पुन्हा उभे राहिले नाहींत, ही गोष्ट येथें महत्त्वाची आहे.

साताऱ्यास मे २०१९ मध्यें निवडून आलेल्या श्री. उदयनराजे भोसले यांनीं चार महिन्यांच्या आंतच राष्ट्रवादी सोडून भाजपचा रस्ता धरला आणि खासदारकी सोडली. विधानसभेच्या मतदानाबरोबरच, ता. २१ ऑक्टोबर रोजीं, पोटनिवडणूक झाल्यामुळें खर्च बराच वांचला; आणि छत्रपतींच्या घराण्याचें नांव पाठीशीं असतांहि मतदारांनीं श्री. श्रीनिवास पाटील यांस निवडलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कर्नाटकांत पंधरा पोटनिवडणुका झाल्या. त्यांत आमच्या मराठी मुलखाला लागून असलेल्या बेळगांव जिल्ह्यांतील अथणी, कागवाड व गोकाक या तिन्ही जागा होत्या, आणि तिन्ही ठिकाणीं जुनेच आमदार नव्या पक्षांतून परत आले. याच प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०१९ मध्यें असें सांगितलें कीं, राजीनामा स्वखुषीचा व खरा आहे एवढेंच अध्यक्षानें पाहावें. त्यामागील हेतु काय, हें पाहण्याचा त्यास अधिकार नाहीं. अपात्र ठरलेल्या त्या आमदारांस पोटनिवडणुकीस उभें राहण्याची मोकळीकहि न्यायालयानें दिली.

दोन जागांवर उभें राहून एक सोडणाऱ्यांची तऱ्हा वेगळी नाहीं. १९९६ पासून एका उमेदवारास दोहोंहून अधिक मतदारसंघांतून उभें राहतां येत नाहीं. पण दोन चालतात, आणि दोन्हीकडे निवडून आल्यास एक जागा सोडावी लागते. २०१४ सालीं श्री. नरेंद्र मोदी यांनीं बडोदें सोडलें, २०२४ सालीं श्री. राहुल गांधी यांनीं वायनाड सोडलें. दोन्हीकडे पोटनिवडणुका झाल्या. पंगतींत दोन पानें मांडून एकावर जेवणाऱ्या पाहुण्यास आमच्याकडे दुसऱ्या पानाबद्दल निदान लाज वाटते. निवडणूक आयोगानें २००४ सालींच सुचविलें होतें कीं, ही सवड बंद करावी; आणि ती बंद करावयाची नसेल तर जागा सोडणाऱ्याकडून पोटनिवडणुकीसाठीं विधानसभेस पांच लाख आणि लोकसभेस दहा लाख रुपये घ्यावे. कायदा आयोगानेंहि २०१५ च्या आपल्या अहवालांत एक माणूस, एक जागा अशीच शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०२३ मध्यें हा प्रश्न संसदेनें सोडवावयाचा आहे असें म्हणून अर्ज निकालांत काढला. आणि संसद स्वस्थ आहे. बिल ज्यास द्यावें लागणार त्यासच तें लिहावयास सांगितलें, तर शाई कोठून मिळणार?

मग कायदा कसा असावा? जो राजीनामा देईल त्यानें पोटनिवडणुकीचा सगळा खर्च भरावा, असा सरसकट नियम पुष्कळांस सुचतो, आणि पहिल्या संतापांत तो आम्हांसहि सुचला होता. पण तो चुकीचा आहे. तसा नियम झाला तर राजीनामा ही श्रीमंतांची चैन होईल. ज्याच्यापाशीं कोटी-दीड कोटी आहेत तो वाटेल तेव्हां उठून जाईल. आणि ज्याच्यापाशीं नाहींत तो अन्याय पाहून मनांत जळत असला तरी खुर्चीस चिकटून बसेल. आजारी मनुष्यास, म्हाताऱ्यास, स्वतःच्या पक्षाच्या पापाची किळस आलेल्यास दार मोकळें असलें पाहिजे. धनाजी नानांच्या गांवीं राजीनाम्यावर कर बसविण्याची भाषा आम्ही तरी करणार नाहीं. शिवाय हेतूची परीक्षा करावयाची तर ती कोण करणार? न्यायालय म्हणतें, अध्यक्षानें ती करूं नये. आणि अध्यक्ष ज्या पक्षाचा असतो तो पाहतां न्यायालयाचें म्हणणें शहाणपणाचें आहे.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, जाण्यावर पैसा घेऊं नये, परत येण्यावर घ्यावा. जागा सोडणारा घरीं गेला, तुरुंगांत गेला, शेतीस लागला, तर त्याचें कांहीं देणें नाहीं. तो खर्च लोकांनीं खुषीनें सोसावा. पण जो मनुष्य स्वतः रिकाम्या केलेल्या जागेसाठींच पोटनिवडणुकीस उभा राहतो, किंवा त्याच मुदतींत दुसऱ्या सभागृहाची उमेदवारी स्वीकारतो, त्यास ज्या पक्षानें आपलें निशाण दिलें त्या पक्षानें उमेदवारी अर्जाबरोबर त्या पोटनिवडणुकीचा अंदाजी सरकारी खर्च भरावा. निकाल कांहींहि लागो, तो परत मिळूं नये. दोन जागांवर उभे राहणाऱ्यांच्या पक्षांसहि हेंच लागू. हेतु तपासावयास नको, अध्यक्षाची मर्जी नको, साक्षीपुरावे नकोत. कोण कोणत्या निशाणाखालीं उभा आहे हें उमेदवारांच्या यादींत छापलेलेंच असतें.

माणसाकडून न घेतां पक्षाकडून कां घ्यावा, असें कोणी विचारील. कारण हल्लीं माणूस जातो असें नाहीं, त्यास नेलें जातें. केळीच्या सौद्यांतहि दुसऱ्याचा ठरलेला माल जास्त भाव सांगून फोडणारा व्यापारी असतो, आणि पेठेचा राग शेतकऱ्यापेक्षां त्याच्यावर अधिक असतो. आणखी एक कारण आहे. पक्ष सोडला असतां मतदारांपुढें पुन्हा जाणें हें, न जाण्यापेक्षां, अधिक सभ्यपणाचें आहे. श्री. नारायण राणे २००५ सालीं शिवसेना सोडून काँग्रेसमध्यें गेले तेव्हां त्यांनीं मालवणची जागा सोडली आणि त्याच वर्षीं पोटनिवडणुकींत ती पुन्हा जिंकली. उलट २०२२ सालीं शिवसेनेचीं आणि २०२३ सालीं राष्ट्रवादीचीं शकलें झालीं तेव्हां फुटीर आमदारांनीं मतदारांस विचारण्यासाठीं जागा सोडल्या नाहींत. सरकारें बदललीं आणि खर्च शून्य. केवळ राजीनाम्यावर दंड बसविला तर सर्वजण हा दुसरा, बिनखर्चाचा रस्ताच धरतील, ही भीति खरी आहे. म्हणून जो अपक्ष म्हणून, स्वतःच्या पायांवर, आपलें मत लोकांस पटतें कीं नाहीं एवढें पाहण्यासाठीं परत उभा राहील, त्याच्याकडून कांहीं घेऊं नये. मात्र निवडून आल्यावर तो त्याच मुदतींत एखाद्या पक्षांत शिरला, तर त्या पक्षानें बिल द्यावें. आणि १९८५ चा पक्षांतरबंदीचा कायदा दुरुस्त करून तो दुसरा रस्ता बुजविणें हें वेगळें काम आहे. तें या बिलाच्या आड येऊं नये.

मुलास किंवा बायकोस उभें करून नियम चुकविला जाईल, हा आक्षेपहि आम्हांस दिसतो. तो कांहीं अंशीं चुकविला जाईल. चोरास कुलूप अडवीत नाहीं म्हणून दुकानास कुलूप लावूं नये असें कोणी म्हणत नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, मतदारांनीं त्यास पुन्हा निवडलें म्हणजे क्षमा केली, मग दंड कसला? क्षमा मतदारसंघानें केली. खर्च सबंध राज्यानें भरला. नेपानगरनें कोणास निवडावें हा नेपानगरचा प्रश्न. पण भिंडच्या शेतकऱ्यानें त्याचे पैसे कां द्यावे?

एक प्रसंग मात्र या नियमांत बसत नाहीं, आणि तो आमच्याच जिल्ह्याचा आहे. प्रश्न विचारण्यासाठीं पैसे घेतल्याच्या प्रकरणांत ता. २३ डिसेंबर २००५ रोजीं लोकसभेनें दहा सभासदांस काढून टाकलें. त्यांत जळगांवचे श्री. वाय. जी. महाजन आणि एरंडोलचे श्री. एम. के. पाटील हे दोघेहि होते. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २००७ मध्यें ती हकालपट्टी कायम केली, आणि त्या वर्षीं पोटनिवडणुका होऊन जळगांवास श्री. हरिभाऊ जावळे व एरंडोलास श्री. वसंतराव मोरे निवडून आले. म्हणजे जिल्ह्यांतील दोन्ही जागा एका वर्षाहून अधिक काळ रिकाम्या होत्या. तेथें राजीनामा नव्हता, पण खर्च होता, आणि खोळंबाहि होता. अशा हकालपट्टीनंतरची पोटनिवडणूक मात्र, परत येण्याची वाट न पाहतां, ज्या पक्षानें तो मनुष्य निवडून आणला त्याच्याच खात्यावर मांडावी असें आम्हांस वाटतें. माल देतांना पारख करणें हें विकणाराचें काम होतें.

आमच्याच मोजमापानें वरील उदाहरणें तपासून पाहतों. भंडाऱ्याच्या खर्चाबद्दल श्री. पटोले यांस कांहीं द्यावें लागलें नसतें. ज्यांस त्यांचें पुढचें राजकारण आवडत नाहीं त्यांस हें रुचणार नाहीं, पण नियम हा नियम. साताऱ्याचें, नेपानगरचें आणि धुळें-नंदुरबारचें बिल भाजपकडे गेलें असतें; मालवणचें व वायनाडचें काँग्रेसकडे; बडोद्याचें पुन्हा भाजपकडे. कोणत्याहि पक्षास हें गोड लागणार नाहीं, आणि यामुळेंच हा नियम संसदेंत आपण होऊन येईल अशी आशा आम्ही बाळगीत नाहीं.

पुढील निवडणुकीस उमेदवार मंडळी फैजपूरच्या पेठेंत येतील, दुकानोदुकानीं हात जोडतील, तेव्हां व्यापाऱ्यांनीं त्यांस चहा जरूर द्यावा आणि एकच गोष्ट विचारावी: मुदतीच्या आंत जागा सोडून दुसऱ्या निशाणाखालीं परत आलांत, तर त्या निवडणुकीचा खर्च तुमचा नवा पक्ष देईल असें लिहून देतां काय? लेखी उत्तर जो देईल त्याचें उत्तर, तो कोणत्याहि पक्षाचा असो, या पत्रांत जसेंच्या तसें छापलें जाईल.